तबकडीची चरी आणि शहराचें संगीत

संगीताचा इतिहास लिहितांना आपण गवयांचीं, वादकांचीं व रचनाकारांचीं नांवें लिहितों. फार तर त्यांच्या आश्रयदात्यांचीं. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत जें संगीत लोकांच्या कानीं आलें त्याचा मोठा भाग कोणत्या तरी यंत्रांतून, कोणा तरी अनामिक कारागिराच्या हाताखालून आलेला आहे, ही गोष्ट इतिहासकाराच्या ध्यानांत क्वचितच राहते. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजानचें गाणें मेणाच्या तबकडीवर घेतलें, हें आपल्याकडील रसिकांस ठाऊक असतें. पण तें मेण जहाजानें जर्मनींतील हानोव्हर शहरीं जाई, तेथें त्यावरून धातूचा ठसा निघे आणि तेथेंच छापलेल्या तबकड्या हिंदुस्थानांत विक्रीस परत येत, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदा येथें कारखाना निघाला, तेव्हां कोठें ही यातायात थांबली. गाणें एका गांवीं आणि त्याचा ठसा दुसऱ्या खंडांत, अशी ही आरंभींची व्यवस्था होती. आपलें गाणें कसें उतरलें हें गाणाऱ्यास लवकर कळण्याचा मार्ग नव्हता, आणि कळलें तरी त्यांत दुरुस्ती करण्याची वेळ निघून गेलेली असे.

प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून बराच अलीकडचा आहे. १९८० नंतर अमेरिकेंतील डेट्रॉइट आणि जर्मनींतील बर्लिन ह्या दोन शहरांत यंत्रांवर रचलेल्या नृत्यसंगीताची जी परंपरा उभी राहिली, तिला ‘टेक्नो’ असें म्हणतात. बहुधा गायक नाहीं, शब्द नाहींत. मिनिटाला सुमारें १२० ते १३५ ठोके पडणारी अखंड लय आणि तिच्यावर सावकाश रंग पालटणारे स्वर, असें ह्या संगीताचें सामान्य रूप आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस तो गोंगाट वाटेल. आणि वरातींतून ज्या प्रकारचें यंत्रसंगीत आपल्या कानांवर आदळतें तें पाहतां त्यांस दोषहि देतां येत नाहीं. तथापि ह्या परंपरेच्या इतिहासांत एक प्रश्न असा आहे कीं, तो आपल्यालाहि चुकवितां येणार नाहीं. नवें संगीत एका शहरांत मूळ धरतें, आणि दुसऱ्या शहरांत तींच वाद्यें व तितकीच बुद्धिमत्ता असूनहि तें धरीत नाहीं, हें कां व्हावें? आमचें मत असें आहे कीं, ह्याचें उत्तर प्रतिभेच्या तारतम्यांत सांपडत नाहीं. वाजविणाऱ्याच्या आसपास रेडिओवाला, नाचघरवाला, दुकानदार, चरी कोरणारा आणि तबकडी छापणारा हीं माणसें हाकेच्या अंतरावर होतीं कीं नव्हतीं, हें पाहिलें म्हणजे उत्तर बरेंचसें हातीं येतें. ध्वनीची उत्तम प्रत हीसुद्धां त्याच शेजाराची देणगी असते.

डेट्रॉइट हें मोटारींचें शहर. १९५० सालीं त्याची लोकसंख्या सुमारें साडेअठरा लाख होती. १९८० सालीं ती बारा लाखांवर आली. मधल्या काळांत कारखाने शहराबाहेर गेले, १९६७ च्या जुलैंतील दंगलींत ४३ माणसें मेलीं, आणि गोऱ्या वस्तीनें उपनगरांची वाट धरली. संगीताच्या बाबतींतहि तसेंच घडलें. बेरी गॉर्डी ह्यानें १९५९ सालीं स्थापिलेल्या मोटाउन कंपनीनें ह्या शहराचें नांव जगभर नेलें होतें. ती कंपनी १९७२ सालीं लॉस एंजेलिसला निघून गेली. एखाद्या गांवांतून ग्रामदैवतच उठून जावें, तसा हा प्रकार होता. परंतु देव गेला तरी गुरव, वाजंत्री आणि देवळाचीं भांडीं मागें राहतात. डेट्रॉइटमध्यें ध्वनिमुद्रणाचीं लहानसहान दालनें, जुनीं यंत्रें आणि तीं चालविणारे हात मागें राहिले. १९६५ सालीं सुरू झालेला आर्चर कुटुंबाचा तबकड्या छापण्याचा कारखाना शहर सोडून गेला नाहीं. नव्या पिढीस जो वारसा मिळाला तो हा होता.

ही नवी पिढी म्हणजे प्रथमतः तीन कृष्णवर्णीय तरुण. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डर्सन हे डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल गांवीं शाळेंत एकमेकांचे मित्र झाले. त्या काळीं डेट्रॉइटच्या रेडिओवर ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ हें नांव घेऊन एक निवेदक रात्रीचा कार्यक्रम करीत असे. काळ्यांचें संगीत काळ्यांच्या केंद्रावर आणि गोऱ्यांचें गोऱ्यांच्या, ही अमेरिकन रेडिओची शिस्त त्यानें पाळली नाहीं. प्रिन्स, फंकाडेलिक आणि जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहराचें क्राफ्टवर्क हे तिघेहि त्याच्या एकाच पंगतीस बसत. क्राफ्टवर्कची ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ १९७७ ची आणि ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’ १९८१ ची. जर्मन यंत्रांचा हा थंड, नेमका आवाज डेट्रॉइटच्या मुलांना परका वाटला नाहीं. ज्या शहरांत घरोघर कोणी ना कोणी मोटारीच्या कारखान्यांत होता, तेथें यंत्राची लय ही घरचीच गोष्ट होती.

वाद्यांचा योगहि जुळून आला. जपानच्या रोलंड कंपनीनें १९८० सालीं ‘टी-आर ८०८’ हें तालयंत्र काढलें आणि १९८३ सालीं त्याचें उत्पादन बंद केलें. ‘टी-बी ३०३’ हें तिचें खर्जाचें यंत्र तर गिटारवाल्यास घरीं साथ मिळावी म्हणून केलेलें. तें १९८४ पर्यंतच निघालें. खऱ्या ढोलासारखा वा खऱ्या गिटारसारखा आवाज ह्या यंत्रांतून निघत नाहीं, म्हणून धंदेवाईक वादकांनीं तीं टाकून दिलीं आणि जुन्या बाजारांत तीं स्वस्तांत मिळूं लागलीं. ज्यांना खऱ्या ढोलाची नक्कल करावयाचीच नव्हती त्यांना हा दोष न वाटतां गुण वाटला. १९८१ सालीं ॲटकिन्स व रिक डेव्हिस ह्यांनीं ‘सायबोट्रॉन’ ह्या नांवानें पहिली तबकडी स्वतःच्या खर्चानें काढली. १९८५ सालीं ॲटकिन्सनें ‘मेट्रोप्लेक्स’ आणि १९८६ सालीं मे ह्यानें ‘ट्रान्समॅट’ अशा आपल्या मालकीच्या छोट्या संस्था काढल्या. सॉन्डर्सननेंहि तोच मार्ग धरला. १९८८ सालीं लंडनच्या एका कंपनीनें ह्या मंडळींच्या रचनांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्याच्या शीर्षकांतून ‘टेक्नो’ हा शब्द जगापुढें आला. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्यें ‘म्युझिक इन्स्टिट्यूट’ नांवाचें नाचघर उघडलें. तें दीड वर्षच चाललें. पण आपण रचलेलें आठ दिवसांत लोकांना नाचवितें कीं नाहीं, ह्याची परीक्षा पाहण्यास तें पुरेसें होतें.

येथवरची हकीकत ह्या विषयावरील बहुतेक ग्रंथांत सांपडते. ज्या माणसाचें नांव त्यांत ओझरतें येतें किंवा येतच नाहीं, त्याच्याकडे आतां वळूं. रॉन मर्फी हा डेट्रॉइटचा चरी कोरणारा कारागीर. मोटाउनच्या जुन्या तबकड्यांचा तो मोठा जाणकार होता, आणि १९८९ च्या सुमारास टेक्नोचीं तरुण मंडळी त्याच्या दालनाची पायरी चढूं लागली. ‘नॅशनल साउंड कॉर्पोरेशन’ असें भारदस्त नांव त्या लहानशा संस्थेला होतें. तबकडीच्या मध्यभागीं, जेथें चरी संपते तेथल्या कोऱ्या पट्टींत, ‘एन-एस-सी’ हीं तीन अक्षरें खुणेसाठीं कोरलेलीं असत. पुढील पंधरा-सोळा वर्षांत डेट्रॉइटच्या असंख्य तबकड्यांवर ही खूण उमटली, आणि संग्राहक आजहि तबकडी उजेडांत तिरपी धरून ती अक्षरें शोधतात.

ह्या कारागिराचें काम काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. वादकाचें मुद्रण पुरें झाल्यावर, आणि तें हजारों प्रतींत निघण्यापूर्वीं, त्यावर जो शेवटचा हात फिरतो त्यास ‘मास्टरिंग’ म्हणतात. तबकडीच्या बाबतींत हा हात अक्षरशः हात असतो. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या लाखेचा लेप दिलेला असतो. ती चकती लेथवर फिरत असतां माणकाची तापविलेली सुई तींत चरी कोरीत जाते. त्या लाखेवर चांदीचा मुलामा व त्यावर निकेल चढवून ठसे काढतात, आणि त्या ठशांमधून तबकड्या दाबल्या जातात. आतां अडचण अशी कीं, खर्जाचा स्वर सुईस मोठे हेलकावे देतो व म्हणून त्याला रुंद जागा लागते. ह्यासाठीं कोरतांना खर्ज उतरवून व तार स्वर चढवून कोरतात, आणि वाजवितांना यंत्रांत त्याच्या उलट करतात. ह्या चढउताराचें प्रमाण १९५४ च्या सुमारास अमेरिकेंत एकसारखें ठरविण्यांत आलें. खर्ज डावीकडे एक व उजवीकडे भलताच असा असेल, तर सुई वरखालीं नाचते आणि चरींतून उडते. म्हणून कुशल कारागीर खर्ज मध्यें आणून ठेवतो. शिवाय ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीवर बाहेरच्या कडेस चरी सुईखालून सेकंदाला सुमारें ५० सेंटिमीटर सरकते, तर मध्याजवळ जेमतेम २०. वेग घटला कीं तार स्वरांची धार बोथट होते. म्हणून कोणती रचना बाहेर ठेवावी आणि कोणती आंत, हाहि विचार त्यालाच करावा लागतो.

ह्यांतून एक नियम निघतो आणि आमच्या मतें तोच ह्या सगळ्या विषयाचें मर्म आहे. तबकडीवर आवाजाची किंमत मिनिटांत मोजावी लागते. चरी रुंद करावी तर बाजूवर कमी संगीत मावतें. अधिक संगीत मावावें तर आवाज लहान ठेवावा लागतो. न्यूयॉर्कचा टॉम मोल्टन ह्यानें सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९७० नंतरच्या दशकांत एके दिवशीं सात इंची चकत्या संपल्या असल्यामुळें त्याचें एक गाणें मोठ्या चकतीवर कोरावें लागलें. चऱ्या ऐसपैस पसरल्या आणि आवाज असा भरदार निघाला कीं, पुढें नृत्यसंगीतासाठीं बारा इंचांची तबकडी हीच रूढ झाली. डेट्रॉइटच्या मंडळींनीं ही बारा इंची तबकडी घेतली, एका बाजूस एक-दोनच रचना ठेवल्या, आणि मोठा आवाज रोख दाम मोजून विकत घेतला. त्यासाठीं ठोक्याची धार त्यांनीं गहाण टाकली नाहीं.

कारागीर शेजारीं असला म्हणजे त्याच्या मर्यादांतूनहि कल्पना कशा सुचतात, ह्याचें उदाहरण जेफ मिल्स ह्याच्या तबकड्यांत पाहावयास मिळतें. मिल्स, माइक बँक्स व रॉबर्ट हुड हे ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ ह्या डेट्रॉइटच्या मंडळांतले. १९९२ सालीं त्यांनीं शनीच्या कड्यांवर एक तबकडी रचली, आणि कड्यांच्या मांडणीची कल्पना चऱ्यांच्या मांडणींत उतरविण्याचा प्रयत्न केला. १९९४ च्या ‘सायकल ३०’ ह्या तबकडींत मिल्सनें बंद चऱ्यांचा उपयोग केला. बंद चरी म्हणजे जिचा शेवट तिच्याच आरंभास येऊन मिळतो अशी. सुई एकदां तींत पडली म्हणजे उचलीपर्यंत तेंच आवर्तन चालू राहतें. आतां ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची असते. तींत चार ठोके बसवावयाचे तर लय मिनिटाला बरोबर १३३⅓ ठोक्यांचीच ठेवावी लागते; केसभर इकडेतिकडे झालें कीं सांधा ऐकूं येतो. आपल्याकडे समेवर येण्याची जी ओढ असते तीच येथें धातूच्या व लाखेच्या गणितांत बांधलेली आहे. असलें काम टपालानें पाठवून होत नाहीं. रचणारा आणि कोरणारा एका लेथवर वांकले, तरच तें साधतें.

आतां बर्लिन. ९ नोव्हेंबर १९८९ रोजीं तेथील भिंत पडली, आणि पूर्व बर्लिनमधील पुष्कळ इमारती एकाएकीं बेवारशी झाल्या. १९९१ च्या मार्चमध्यें वेर्टहाइम नांवाच्या जुन्या भांडाराच्या तळघरांतील तिजोरींत ‘ट्रेझोर’ हें नाचघर उघडलें. त्याच्या नांवाचा अर्थच तिजोरी असा आहे. त्यानें आपल्या तबकड्यांची जी मालिका सुरू केली तिची पहिली तबकडी डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्सचीच होती. क्रॉयत्सबर्ग भागांत मार्क अर्नेस्टस ह्यानें १९८९ सालीं ‘हार्ड वॅक्स’ हें तबकड्यांचें दुकान काढलें होतें. डेट्रॉइटचा माल बर्लिनमध्यें पोंचण्याचा तो एक प्रमुख रस्ता झाला. ह्याच अर्नेस्टसनें मॉरित्स फॉन ओस्वाल्डसह १९९३ सालीं ‘बेसिक चॅनल’ ह्या नांवानें स्वतःच्या रचना काढण्यास आरंभ केला, आणि आरंभींच्या तबकड्यांच्या चऱ्या कोरून घेण्यासाठीं ह्या दोघांनीं आपलें काम डेट्रॉइटला रॉन मर्फीकडे धाडलें. जर्मनी हा यंत्रविद्येचा देश, उत्तमोत्तम लेथ बनविणारी नॉयमान कंपनी बर्लिनचीच. आणि तरी काम धाडावें लागलें समुद्रापार, एका पडत्या शहरांतल्या लहान दालनाकडे. यंत्र जवळ असणें निराळें आणि हें संगीत कळणारा कान जवळ असणें निराळें, हें ह्यावरून स्पष्ट होतें.

पण बर्लिनकर तेथेंच थांबले नाहींत. १९९५ सालीं त्यांनीं आपल्याच शहरांत ‘डबप्लेट्स अँड मास्टरिंग’ ही संस्था उभारली. डबप्लेट हा शब्द जमैकाचा. तेथील फिरत्या ध्वनिसंचांचे मालक एकमेकांवर मात करण्यासाठीं एकुलत्या एक प्रतीची मऊ तबकडी कोरून घेत, तिला हें नांव. दुकान, नाचघर, चरी कोरणारा हे सगळे आतां एका शहरांत आले. रात्रीं नाचघरांत ऐकलेला दोष दुसऱ्या दिवशीं लेथवर सुधारतां येऊं लागला. २०२४ च्या मार्चमध्यें जर्मनीनें बर्लिनच्या टेक्नो-संस्कृतीचा आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचींत समावेश केला. असा सन्मान कारागिराच्या वांट्यास सहसा येत नाहीं. रॉन मर्फी २००८ च्या जानेवारींत वारला, तेव्हां त्याच्यासाठीं हळहळला तो मुख्यतः तबकडीची तीं तीन अक्षरें वाचणारा वर्ग.

ह्याच पंचवीस-तीस वर्षांत दुसरीकडे एक विपरीत गोष्ट घडत होती. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली. अगदीं हळू आणि अगदीं मोठा ह्यांमधील अंतर तबकडीवर फार तर ७० डेसिबलांपर्यंत मिळतें. डिस्कवर तें सुमारें ९६ मिळूं शकतें. एवढी प्रशस्त जागा हातीं आल्यावर संगीत अधिक सूक्ष्म व्हावयास हवें होतें. झालें उलट. डिस्कवर मोठ्या आवाजाची किंमत मिनिटांत द्यावी लागत नाहीं. वर एक छत आहे, तेवढें गाठलें कीं झालें. १९९४ च्या सुमारास शिखरें छाटून बाकीचा आवाज वर उचलणारी संगणकी साधनें सर्वांच्या हातीं आलीं, आणि प्रत्येक कंपनीस आपली डिस्क शेजाऱ्याच्या डिस्कहून मोठी वाजावी असें वाटूं लागलें. २००८ सालीं मेटॅलिका ह्या वाद्यवृंदाची ‘डेथ मॅग्नेटिक’ निघाली, तेव्हां ती पुन्हां नीट मास्टर करावी म्हणून चाहत्यांनींच हजारों सह्यांचा अर्ज केला. इलेक्ट्रॉनिक संगीतासहि हा रोग जडला, आणि तेथें तो अधिक घातक ठरला. कारण ज्या संगीतांत ठोका हाच मुख्य नायक, तेथें ठोक्याचें शिखर छाटणें म्हणजे नायकाचाच शिरच्छेद. आपल्या वाचकांस हें तबल्यावरून लगेच कळेल. भरी आणि खाली सारख्याच जोरानें वाजविल्या तर बोल सगळे ऐकूं येतील, पण ठेका हरवेल.

ह्या शर्यतीवर पुढें उपाय निघाला. कानास आवाज किती मोठा भासतो हें मोजण्याची रीत २००६ सालीं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. २०१० सालीं युरोपांतील नभोवाणी संस्थांनीं तिच्या आधारें आपला नियम केला. आणि आतां इंटरनेटवरून संगीत ऐकविणाऱ्या मोठ्या कंपन्याहि सर्व गाणीं एका पातळीवर आणून वाजवितात. त्यामुळें छाटलेल्या गाण्यास मोठेपणाचा लाभ मिळत नाहीं, मात्र छाटल्याचा तोटा जसाच्या तसा राहतो. तबकडीची लाख जें मुकाट्यानें शिकवीत होती, तें पुन्हां शिकण्यासाठीं जगाला समित्या नेमाव्या लागल्या.

आतां आपल्या किनाऱ्याकडे येऊं. गोव्यांत हणजुणें व आसपासच्या किनाऱ्यांवर १९८० नंतरच्या काळांत पाश्चात्य प्रवाशांच्या रात्री-रात्रीच्या मैफली भरत. तेथील दमट उष्ण हवेंत तबकड्या नेणें-वापरणें कठीण, म्हणून वाजविणारे प्रथम कॅसेटवर व पुढें ‘डॅट’ ह्या लहान अंकीय फितीवर संगीत आणीत. त्या मैफलींतून जो प्रकार घडला त्याला ‘गोवा ट्रान्स’ हें नांव पडलें, आणि १९९३-९४ पासून त्याच्या तबकड्या व डिस्क निघूं लागल्या त्या प्रामुख्यानें लंडनमधून. नांव गोव्याचें, ठसा लंडनचा. किनारा, माड आणि रात्र एवढें गोव्यानें दिलें. चरी कोरणारा, छापणारा आणि विकणारा हीं माणसें तेथें नव्हतीं, म्हणून त्या संगीताच्या इतिहासांत गोवेकरांचीं नांवें शोधावीं लागतात. हानोव्हरची जुनी कथाच येथें नव्या वेषांत आली.

मुंबईची गोष्ट ह्याहून अधिक चटका लावणारी आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार व सिंथेसायझर वाजविणारे मुंबईचे वादक. १९८२ सालीं त्यांनीं एच.एम.व्ही.साठीं एक तबकडी मुद्रित केली. भैरव, ललत, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस इत्यादि दहा राग त्यांनीं डिस्कोच्या ठेक्यावर यंत्रांनीं वाजविले. आणि तीं यंत्रें होतीं रोलंडचींच: टी-आर ८०८, टी-बी ३०३ आणि ज्युपिटर-८. शिकागोच्या तरुणांनीं टी-बी ३०३ ला पिळून काढलेला जो आवाज ‘ॲसिड’ म्हणून गाजला, त्याची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही प्रसिद्ध तबकडी १९८७ ची. म्हणजे मुंबईची तबकडी तिच्या पांच वर्षें आधींची. ती चालली नाहीं. २००२ सालीं एका डच संग्राहकाच्या हातीं ती दिल्लींतील एका दुकानांत लागली आणि २०१० सालीं पुन्हां प्रसिद्ध झाली. तेव्हां युरोपांतील लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं. सिंग ह्यांना सत्तरीच्या उंबरठ्यावर परदेशीं मैफलींचीं आमंत्रणें आलीं. २०१५ सालीं त्यांचें मुंबईंत निधन झालें.

ह्या तबकडीवरून ‘ॲसिडचा शोध मुंबईंत लागला’ अशी फुशारकी मारणारे पुष्कळ आहेत. ती इतिहासाला धरून नाहीं. शिकागोच्या मुलांनीं ती ऐकली होती असा कांहींच पुरावा नाहीं, आणि यंत्र एक असलें कीं त्यांतून सारखे आवाज दोन ठिकाणीं निघणें स्वाभाविक आहे. खरा विचार करण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. तें यंत्र मुंबईंत होतें, तें वाजविणारा हात कसलेला होता, स्वरांची सामग्री तर शतकांची होती. मग ती तबकडी एकटी कां राहिली? मुंबईंत १९८० च्या ‘कुर्बानी’ पासून डिस्को आला तो चित्रपटांतून, गाण्याच्या रूपानें. शब्दांवांचून रात्रभर यंत्रसंगीत वाजेल असें नाचघर नव्हतें, तें उचलून धरील असा रात्रींचा रेडिओ नव्हता, ‘आणखी एक असेंच करा’ म्हणणारा दुकानदार नव्हता. दुसऱ्या तबकडीची मागणी कोणीं केली नाहीं, म्हणून पहिलीचें उत्तर देणारा दुसरा वादकहि निघाला नाहीं. डेट्रॉइटमध्यें एकाची रचना ऐकून दुसरा ईर्ष्येनें पेटे; मुंबईंत सिंग ह्यांच्याशीं स्पर्धा करणारें कोणी नव्हतें. आपल्या घराण्यांचा इतिहास पाहिला तरी हेंच दिसतें. घराणें एका गवयानें होत नाहीं. शिष्य, प्रतिस्पर्धी, जाणते श्रोते आणि तक्रार करणारे म्हातारे एवढे जमावे लागतात.

ह्यावर आक्षेप असा येईल कीं, आतां शेजाराची गरज काय? एका खोलींत बसून संगीत रचतां येतें, कांहीं मिनिटांत संगणक तें मास्टर करून देतो, आणि तें त्याच रात्रीं जगांत कोठेंहि पोंचतें. आक्षेपांत तथ्य आहे. ह्या सोयीमुळें कोल्हापूर-नागपूरच्या मुलासहि आज जें शक्य आहे तें चरणजित सिंगांसहि शक्य नव्हतें. तथापि पोंचणें आणि रुजणें ह्यांत भेद आहे. संगणक आवाजाची पातळी मोजतो. पण ह्या खोलींत, ह्या गर्दींत, ह्या दमट हवेंत खर्ज किती असावा हें त्याला तेथें उभें राहिलेल्या माणसाकडूनच कळणार. शिवाय जुनी साखळी दिसते तितकी बळकट नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांतील लाखेच्या चकत्यांचा एक कारखाना जळाला, तेव्हां असा कारखाना जगांत दुसरा एकच, जपानांत, उरला. जेथें जगाचाच पुरवठा इतक्या थोड्या हातांवर उभा, तेथें प्रत्येक शहरानें आपले हात जपलेले बरे.

२०२४ सालीं मुंबईंत तबकड्या छापणारा कारखाना अनेक दशकांनंतर पुन्हां सुरू झाला. पुणें-मुंबईंत इलेक्ट्रॉनिक संगीत रचणारे तरुणहि आज थोडे नाहींत. साखळींतील दोन कड्या म्हणजे हातीं आहेत. तरुण वादकांच्या पालकांना आमची सूचना एवढीच कीं, मुलानें यंत्र मागितलें तर तें अवश्य द्यावें. पण त्याचा एक मित्र लेथ वा ध्वनीचें तंत्र शिकूं म्हणाला, दुसरा दुकान घालूं म्हणाला, तर त्यांना वायां गेलेले समजूं नये. आणि आपण श्रोत्यांनीं तबकडी हातीं घेतली कीं गायकाचें नांव वाचून थांबूं नये. ती उजेडांत जरा तिरपी धरावी आणि जेथें चरी संपते तेथें कोणाचीं अक्षरें आहेत तेंहि पाहावें.